सिकंदर त्यांचा, गुंडाप्पा तुमचा

वन्सं, तुमच्या मातीला तुमचा नवरा आला होता. हातात हिरवी साडी घेऊन.

मूल होईना म्हणून ज्यानं तुम्हाला माहेरच्या एसटीत बसवून दिलं आणि वर्ष उलटायच्या आत दुसरी आणली, तोच माणूस. त्यानंतर तुम्ही जेवलात की उपाशी आहात हे विचारायला तो कधी आमच्या दारात आला नाही. तुम्ही गेलात हे कळलं मात्र, तसा दुपारच्या आत हजर. दोन्ही मुलगे बरोबर, डोक्याला धुतलेली टोपी. बायकांनी लगेच धोशा लावला, "अहेव गेली गं, नशिबाची. मळवट भरा."

मी ती साडी घेतली, घडी न मोडता परत त्याच्या पिशवीत घातली आणि पिशवी त्याच्या थोरल्या मुलाच्या हातात दिली. तुमचा नवरा म्हणाला, "ताई, रीत असती."

मी म्हटलं, "नांदवायचीबी रीत असती."

मी तुम्हाला तुमचीच निळी इरकल नेसवली, जिचा पदर गुंडाप्पानं, तुमच्या घोड्यानं, चघळून चघळून पार चुरगाळलाय. तुम्हाला आवडलं नसतं कदाचित. तुम्ही म्हणाला असता, "मंगल, माणूस दारात आलंय, पाणी दे." पाणी दिलं. पाण्यापलीकडं काही देणं मला जमलं नाही.

मेलेल्या माणसाशी रागानं बोलू नये म्हणतात. पण माझ्याकडं सध्या दुसरं काही नाही. रडू आलं नाही असं नाही, आलं. पण रडू थांबलं की खाली रागच सापडतो. तुमच्या नवऱ्यावर, फार्मवाल्यावर, गावावर. थोडा तुमच्यावरही आहे, तोही सांगणार आहे.

गुंडाप्पाला बाहेरचे लोक अजून सिकंदर म्हणतात. जयसिंगपूरच्या अलीकडं त्या घोड्यांच्या फार्मची कमान आहे, तिच्यावर कितीतरी वर्षं त्याचं चित्र होतं, पुढचे दोन्ही पाय वर घेतलेलं. बेळगाव, विजापूर, कुठून कुठून लोक घोड्या भरवायला तिथं आणायचे. त्याच्या तबेल्यात पंखा होता, त्याला बदाम होते, मालिश करायला वेगळा माणूस होता. आणि रोज सकाळी मोपेडवर लसूणघासाचे भारे लादून तुम्ही जायचात. आपल्या वाट्याच्या वाफ्यात घास लावून, तो फार्मला घालून तुम्ही तुमचं पोट चालवलं, भावाच्या ताटावर बसला नाहीत. त्यामुळं त्या घोड्याला तुम्ही भरात असताना पाहिलं होतं. घरी येऊन सांगायचात, "राजावानी हाय गं. पर डोळा गरीब."

मग एका सकाळी फाटकावरचा माणूस तुम्हाला म्हणाला, "आक्का, उद्यापास्नं निम्मा घास आणा."

"का रं?"

"थोरला गेला."

"गेला म्हंजे?"

"म्हंजे हाय. पर गेल्यातच जमा."

वर्षभर त्याला लावलेल्या घोड्या रिकाम्या परत गेल्या होत्या. त्यात त्याची पुढची खुरं आतून सुजली, उभं राहवेना. मालकानं राजस्थानातून नवा घोडा आणला, कमानीवर नवं चित्र लावलं. तुम्ही भारे तिथंच टाकलेत आणि विचारत विचारत मागं गेलात. उकिरड्याच्या कडेला, पत्र्याच्या तुकड्याखाली तो बांधलेला होता. खुरं वाढून चपलेच्या टोकासारखी वर वळलेली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. पुढ्यात उसाचं वाळलेलं पाचट, जे त्याला चावता येत नव्हतं, आणि रिकामी बादली.

मालक तिथंच नव्या तबेल्याचं काम बघत होते. तुम्ही हा प्रसंग मला इतक्या वेळा सांगितलात की मी तिथं हजर होते असं मला वाटतं.

"आक्का, हिकडं कुठं?"

"ह्याला बघाय आल्तो." तुम्ही कायम असंच बोललात, आपल्याकडच्या बायका बोलतात तसं, येतो-जातो-करतो.

"बघून घ्या. रविवारी व्यापारी येतोय."

"कसला व्यापारी?"

"असतोय एक. म्हातारी जनावरं नेतो."

"नेऊन काय करतो?"

मालक हसले. "ते आपण इचारायचं नसतं."

"मग मला द्या."

"तुम्ही काय करणार त्याचं? तुमच्याकडं घोडी हाय व्हय?"

गवंडी, मोतद्दार, सगळे हसले. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडं तरी काय करतोय? हितं हुबा हाय, तितं हुबा ऱ्हाईल."

त्यांनी नेऊ दिला. उदारपणानं नव्हे, एक कटकट गेली म्हणून. तुम्ही दावं सोडत होता तेव्हा त्यांनी मोतद्दाराला हाक मारली, "म्होरकी काढून घे रं. ती फार्मची हाय." ज्या घोड्याच्या जिवावर तो बंगला उभा राहिला, त्याच्या तोंडावरची पितळी फुलांची म्होरकी काढून घेतली. वन्सं, एवढ्या मोठ्या फार्मवर त्यांना तेवढी सोडणं जड झालं होतं? तुम्ही घासाचा भारा बांधायचा दोर त्याच्या मानेत घातला, मोपेड तिथंच ठेवली आणि निघालात.

मोपेडवर वीस मिनिटांची वाट. तुम्ही सकाळी निघून दिवेलागणीला आलात. तो चार पावलं टाकायचा आणि थांबायचा, मग तुम्हीही थांबायचात. बांधावरून मी बघितलं तर समोरून एक बाई आणि एक हाडांचा सांगाडा.

मी ओरडले, "वन्सं, हे काय?"

"पावणं हाईत. चहा टाक मला, त्येला पाणी."

तुमचे भाऊ, आमचे हे, चिडले. "आक्का, डोस्कं फिरलं काय तुझं? म्हशींना वैरण पुरंना."

"तुझ्या म्हशींची वैरण तुला, बाळू. माझ्या वाफ्यातलं माझं पावणं खाईल."

नाव तुम्हीच बदललंत. मी विचारलं तर म्हणालात, "सिकंदर राहू दे त्येंच्या कमानीवर. वयस्कर माणसाला आप्पा म्हणावं." दुसऱ्या दिवसापासून तो गुंडाप्पा झाला आणि तिसऱ्या दिवशी त्या नावाला कान हलवायला लागला.

गाव काय बोललं ते सगळं मी इथं लिहिणार नाही. लिहायला हात धजत नाही, आणि बोलताना मात्र कुणाची जीभ अडखळली नव्हती. टाकलेली बाई, मूल नाही, आणि आणला तो भरवायचा घोडा! पुरुषांना आयतंच मिळालं. "आक्काताईनं नवरा केला." "जलमभर नांदली न्हाय, आता घोडा ठेवला." एका पोरानं तुम्ही त्याला आंघोळ घालताना चोरून व्हिडिओ काढला आणि त्याला लावणी जोडून गावभर फिरवला. मी तो पाहिला आणि दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तुमच्या हातात बादली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि तुम्ही वाकून त्याचे पाय पुसत होता. त्यात बघण्यासारखं काय होतं? हीच माणसं पोरांना खांद्यावर घेऊन त्या फार्मवर घोडी लावताना बघायला जात होती, तेव्हा कुणाला लाज वाटली नाही. ते त्यांना मर्दपणाचं वाटायचं. त्याच घोड्याचे पाय एका बाईनं पुसले तर त्यात घाण दिसली.

तुम्ही डेअरीवर दूध घालायला गेला असताना त्या पोराच्या चुलत्यानं, राजारामनं, सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "काय आक्का, घोडा ठेवलाय म्हणं?"

मी मागंच उभी होते. तुम्ही किटली खाली ठेवलीत. "व्हय राजाराम, ठेवलाय. तुझ्या म्हाताऱ्यालाबी पाठव, त्यालाबी ठेवतो. तू त्याला गोठ्यातच निजवतोस न्हवं?"

मापं टाकणाऱ्याचा हात थांबला. कोण हसायला गेलं आणि गिळून बसलं. त्यानंतर निदान तुमच्या तोंडावर कुणी बोललं नाही. राजारामच्या म्हाताऱ्याला त्या उन्हाळ्यात पडवीत खाट मिळाली, तेवढं मात्र झालं.

स्वतःबद्दल तुम्ही माझ्याशी एकदाच बोललात. डॉक्टर खुरं कापून गेले होते, आणि सूज उतरावी म्हणून आपण दोघी त्याचे पाय घमेल्यातल्या पाण्यात धरून बसलो होतो. तुम्ही त्याच्याकडंच बघत होता. म्हणालात, "ह्याला काढला, कारण आता हुईना. मला काढलं, कारण हुईचना. माप एकच हाय त्येंचं."

तुम्ही लगेच म्हणालात, "पाणी गरम झालं बघ, बदल." मी उठले आणि पाणी बदललं. सून म्हणून या घरात आले त्या दिवसापासून मी तुम्हाला बघत होते, आणि तुमच्या मनात काय आहे ते मला त्या घमेल्यापाशी कळलं.

खाणं हा खरा प्रश्न होता. त्याचे दात झिजलेले, त्यामुळं कडबा बंद. बारीक कापलेला घास, भिजवलेला कोंडा, शिजवलेला हरभरा. डॉक्टर, औषधं, कोल्हापूरहून नालबंदाला आणायचं. तुमच्या वाफ्यात आणि आमच्या दोन म्हशींच्या दुधात ते बसेना. मी दोन ठिकाणी फोन केले, जिथं म्हातारी जनावरं सांभाळतात. दोन्हीकडं गोड आवाजात एकच उत्तर: गाय असेल तर आणा, घोडं आमच्यात बसत नाही.

तेव्हा तुम्हाला ते सुचलं. गुंडाप्पाला कोंडा कालवता कालवता म्हणालात, "मंगल, ह्येची लेकरं किती असतील गं जिल्ह्यात?"

"शंभर तरी असतील की."

"मग? लेकरांनी बापाला घालावं."

मी हसले, तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी मोपेडवर मला मागं बसवून निघालात.

कोल्हापुरातला तो रंकाळ्याकडचा बंगला मी विसरणार नाही. कंत्राटदार होता. त्याच्या तबेल्यावर पाटी होती, घोड्याचं नाव, आणि खाली बापाचं: सिकंदर. त्यानं चहा दिला, त्याचा घोडा मिरवणुकीत नाचल्याचे व्हिडिओ दाखवले, बक्षिसं दाखवली. "रक्तच तसं हाय आक्का," असं तीनदा म्हणाला. मग तुम्ही सांगितलंत, ते रक्त आमच्या गोठ्यात उभं आहे, त्याला दात नाहीत, महिन्याला एक पोतं कोंडा मिळाला तर बरं होईल.

त्याचा चेहरा बदलला. "आक्का, गायीसाठी मागा, लागंल तेवढं देतो. पुण्य तरी लागंल. घोड्याला दान ह्ये काय ऐकलं न्हाय."

"दान न्हाय मागत. पाटीवर नाव हाय म्हणून आलो."

"त्येचं पैसं मी तवाच दिल्यात. ज्येला द्यायचं त्येला."

तुम्ही चहा संपवलात, कप नीट बशीत ठेवलात आणि म्हणालात, "चहा चांगला हुता." आणि उठलात.

रस्त्यावर आल्यावर मी पेटलेच. म्हटलं, तो चहा त्याच्या अंगावर ओतायला पाहिजे होता. या सगळ्यांची नावं चौकात फळ्यावर लिहू, कोण बापाचं नाव लावतो आणि कोंडा देत नाही ते गावाला कळू दे. फार्मवाल्याचं नाव सगळ्यात वर लिहू. तुम्ही मोपेडला किक मारत होता, ती सुरू होईना.

"तुझा राग लई मोठा हाय मंगल. पर त्यानं बादली भरत न्हाय."

"मग ही अशी माणसं सुटणार?"

"सुटू दे की. मला परत त्येच्या दारात यायचं हाय. बस मागं."

आणि खरोखर परत गेलात. तीनदा. तिन्ही वेळा चहा पिऊन आलात.

आपल्या दोघींचं हे भांडण कधीच मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, मागायचं, भांडायचं न्हाय. मी म्हणायचे, हक्काचं असेल तर मागायचंच कशाला, सांगायचं. आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं. पण बादली तुम्ही भरलीत, हेही खरं. जयसिंगपूरच्या शब्बीरभाईंच्या दारात तुम्ही असंच हळू आवाजात सांगितलंत. त्यांची लग्नातली पांढरी घोडी, नूरी, गुंडाप्पाचीच लेक. ते ऐकून घेत होते, मग उठून आतून कोंड्याचं पोतं घेऊनच बाहेर आले. "आक्का, हिच्या पाठीवर नवरदेव बसतात म्हणून माझी पोरं शाळा शिकतात. हिच्या बापाला कोंडा देऊ नको म्हणणारा मी कोण?" म्हणाले. त्यानंतर दर शुक्रवारी नमाजाहून परत येताना त्यांचा टेम्पो आपल्या दारात थांबला. चंदगडकडच्या एका काजूवाल्यानं भाताचा कोंडा एसटीतून पाठवला, तुम्हाला न बघता, नुसत्या फोनवर. दोन-तीन जणांनी घास दिला. शंभर लेकरांतली पाच धावली. तुम्ही त्या पाचांचं कौतुक सांगायचात, मी पंच्याण्णवांना शिव्या घालायचे. अशा आपण दोघी.

पुराचं पाणी आलं त्या पावसाळ्यातलं आठवून मात्र मला आजही हसू येतं. सगळं गाव जनावरं घेऊन वरच्या अंगाला गेलेलं, शाळेच्या मैदानात छावणी. चारा वाटणारा माणूस म्हणाला, "गाय, बैल, म्हैस, शेळी. घोडं न्हाय."

तुम्ही भिजून चिंब. म्हणालात, "मग म्हैस लिव्हा त्येला."

"आक्का, शिंगं कुठं हाईत?"

"पुरात गेली."

तो इतका हसला की त्यानं दोन पेंढ्या दिल्या. त्या दिवशी मी तुमचा हात धरला होता, तुम्हाला आठवतं का? थंडीनं नव्हे. मला वाटलं होतं, ही बाई माझी नणंद आहे हे माझं नशीब. बोलले नाही. सासरच्या माणसाला असलं काही म्हणायची आपल्यात पद्धत नाही. आता म्हणते.

आता तुमच्यावरचा राग.

गेल्या थंडीत गुंडाप्पा खाली बसला आणि त्याला उठता येईना. तुमच्या भावानं, शब्बीरभाईंनी, शेजारच्यांनी पोटाखाली पट्टे घालून त्याला उभा केला, तो परत बसला. रात्रभर तो कण्हत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की वेळ आली आहे, एक इंजेक्शन दिलं तर त्रास संपेल, विचार करा. मी विचार केला आणि तुम्हाला म्हटलं, "वन्सं, सोडवूया त्याला."

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत जसं त्या फार्मवाल्याकडंही कधी बघितलं नसेल. "तूबी त्येंच्यातलीच," म्हणालात. "उपेग संपला की काढायचं."

मला. जिच्या हातांना लागलेला त्याच्या पायाचा वास साबणानं जात नव्हता. संक्रांत आली, तिळगूळ दिला-घेतला, पण तुम्ही माझ्याशी कामापुरतंच बोललात. तो पुढं चार दिवसांनी आपला आपण उठला आणि तुम्ही जिंकलात. मग हळूहळू पहिल्यासारखं सगळं झालं, पण ते वाक्य तुम्ही परत घेतलं नाहीत आणि मीही उत्तर दिलं नाही. दिलं पाहिजे होतं. काढून टाकणं वेगळं आणि सोडवणं वेगळं, वन्सं. व्यापाऱ्याच्या गाडीत चढवणारा हात आणि डोक्यावर फिरत असताना डोळे मिटवणारा हात एक नसतो. तुम्हाला हे कळत नव्हतं असं नाही. तुम्हाला एकदा काढलं होतं, म्हणून तुम्हाला कुठलाही निरोप तसलाच वाटायचा. हे मला तुम्ही गेल्यावर कळलं, आणि आता सांगू कुणाला?

आणि त्याला शिंक आली तर डॉक्टर बोलावणारी बाई, स्वतःच्या छातीत कळ येत होती तर ओवा चावत बसली. आठवडाभर. मला कळू दिलं नाही. का? माझ्याकडं काही मागितलं असतं तर मी पुण्य लागतं का बघितलं असतं?

रक्षाविसर्जनाला फार्मचे मालक आले. पांढरी गाडी, मागं चार माणसं, एक फोटोवाला. नदीवर आपल्याकडं श्रद्धांजलीची भाषणं होतात, त्यात त्यांनी माईकशिवाय पण माईकवाल्या आवाजात भाषण केलं. "आक्काताई म्हणजे खऱ्या अश्वप्रेमी. आम्ही आमचा लाडका सिकंदर मोठ्या विश्वासानं त्यांच्या हवाली केला होता. त्यांनी तो विश्वास सार्थ केला. आता ती जबाबदारी पुन्हा आमची. सिकंदरला आम्ही सन्मानानं फार्मवर परत नेणार आहोत." फोटोवाल्यानं फोटो काढला. निवडणुका तोंडावर आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. गर्दीत तुमचा नवरा मान हलवत होता.

तिथं बाया मागं बसतात आणि बोलत नाहीत. मी उठले. 

"साहेब, हवाली केला न्हवता. रविवारी व्यापारी यायचा हुता, त्येच्या आधी तिनं मागून आणला. तुमच्या माणसांसमोर, तुम्ही हसत असताना."

ते म्हणाले, "ताई, ही वेळ आहे का?"

"हीच हाय. गोष्ट तुम्ही काढलीत. घोडा पायजे व्हय? उद्या सकाळी या. त्येच्या डाव्या खुरात पू हुतो, तो रोज काढाय लागतो. तिनं रोज काढला. फोटोवाल्यालाबी आणा, पू काढताना फोटो घेऊ दे. म्हैनाभर या, मग न्यायचं बोला."

मला वाटलं, तुमचे भाऊ आता मला खाली बसवणार. लोक काय म्हणतील यात त्यांची हयात गेली. ते उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि मालकांना म्हणाले, "घोडा आमच्या आक्काचा हाय. तो कुठं जात न्हाय." एवढंच बोलले. पण तेवढं बास होतं. मालक गाडीत बसले. गर्दी त्यांच्या बाजूनं गेली की माझ्या, ते मला कळलं नाही. बहुतेक कुणाच्याच नाही, जेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही, हे सांगायला नकोच. पू मी काढला.

माझ्या मनाची आशा अशी की आता लोक बदलतील, पाटीवाल्यांच्या दारातून पोती येतील. एक आलं, शब्बीरभाईंचं. बाकीचे स्टेटसला तुमचा फोटो ठेवून मोकळे झाले. म्हणून परवा मी तुमच्या मोपेडवर बसले. तुमच्या भावानं मागून धरून दोनदा शिकवली, तिसऱ्यांदा मी एकटी गेले. रंकाळ्याकडं. तुमच्यासारखा चहा मी प्यायले नाही. पाटीसमोर उभी राहिले आणि म्हटलं, कोंडा द्या, नाहीतर पाटीवरचं बापाचं नाव पुसा, दोन्हीतलं एक झाल्याशिवाय मी जात नाही. त्यानं बायकोला हाक मारली. बायकोनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं, आणि आत जाऊन ड्रायव्हरला सांगितलं, पोतं टाक ह्यांच्या गाडीवर. तुमची रीत की माझी, ते आता तुम्हीच ठरवा. एक पोतं आलं एवढं खरं.

काल डॉक्टर आले होते. म्हणाले, ही थंडी त्याला जड जाईल. मी त्यांना सांगितलंय: जोवर तो आपला आपण उठतो आणि बादलीत तोंड घालतो, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही, मग माझं काय व्हायचं ते होवो. ज्या दिवशी त्याला उठता येणार नाही आणि डोळ्यांत दुखणं दिसेल, त्या दिवशी मी त्यांना फोन करीन, आणि त्यांनी यायचं. मला पुण्यवान वाटावं म्हणून मी त्याला कण्हत ठेवणार नाही. त्याचं डोकं माझ्या मांडीवर असेल. गुंडाप्पा म्हणूनच हाक मारीन. आपल्याच वाफ्याच्या कडेला त्याला पुरीन, आणि भाषणाला कुणाला बोलवणार नाही.

तुम्हाला हे पटणार नाही, मला माहीत आहे. तुम्ही तेच वाक्य पुन्हा म्हणाल. म्हणा. या वेळेला मी गप्प बसणार नाही, सगळं उत्तर देणार आहे.

भांडायचं असलं तर या की, वन्सं.